पावणेएकचं गाणं

१

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एस.टी. स्टँडसमोर रुचि टेंभरेचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि काचेखाली मांडलेली मोबाईलची कव्हरं. सन दोन हजार तेराची गोष्ट. लोक मोबाईलमधलं नखाएवढं मेमरी कार्ड काढून तिच्या हातावर ठेवत आणि म्हणत, "भरून दे." काय भरायचं ते सांगायची गरज नसे. गाणी कुठं मिळतात हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पण रुचिचा खरा लौकिक होता तो हरवलेली गाणी शोधून देण्याचा. लोकांना शब्द आठवत नसत, सिनेमा आठवत नसे, बाई गाते की बुवा तेही सांगता येत नसे. कुणी नुसतं गुणगुणून दाखवी, कुणी काउंटरवर बोटांनी ताल धरी. तेवढ्यावरून रुचि कामाला लागायची. गाणं ओळखणारं अ‍ॅप, जगभरच्या लोकांचे गप्पांचे अड्डे, इंटरनेटवर ऐकू येणारी कुठकुठल्या देशांची रेडिओ स्टेशनं, असं सगळं ती पालथं घालायची. गिऱ्हाईक नसलं की तोच तिचा विरंगुळा. कुठल्या तरी बर्फाळ गावातलं स्टेशन लावून ठेवायचं आणि आजवर न ऐकलेलं काहीतरी कानावर पडायची वाट पाहायची. चार वर्षांत तिनं एकाही माणसाला हात हलवत परत पाठवलं नव्हतं. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

पौष संपत आला असताना एका बाजाराच्या दिवशी मंदाबाई दुकानात आली. साठीची बाई, चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या गावातली, डोक्यावर भाजीची पिशवी तशीच.

"पोरी, तू गाणं शोधून देतेस म्हणे."

"देते ना मावशी. कोणतं पाहिजे?"

"रेडिओवरचं. रोज लागते. पावणेएकले."

"म्हणून दाखवा."

मंदाबाईनं पिशवी खाली ठेवली, डोळे मिटले आणि एक ओळ म्हटली. लग्नाच्या गाण्याची चाल होती, हळदीच्या वेळची. ओळ संपली तशी ती गप्प झाली. विसरली असेल म्हणून रुचि काही बोलणार, एवढ्यात तिनं दुसरी ओळ म्हटली आणि पुन्हा तेवढाच वेळ गप्प बसली.

"मधात काऊन थांबता?"

"गाणंच तसं हाय. बाई ओळ म्हणते आन् थांबते. मागच्या बाया झेलतच नाही. मले तं करमत नाही बापा. मीच झेलून राहिली घरी बसल्या बसल्या."

रुचिला यात काही नवल वाटलं नाही. या भागात लग्नाचं गाणं एकटी बाई गात नाही. एक जण ओळ उचलते, बाकीच्या ती झेलतात, म्हणजे तीच ओळ मागून म्हणतात. उचललेली ओळ झेलल्यावाचून पडू देणं अशुभ. पोळ्या लाटणारी बाईसुद्धा लाटणं न थांबवता झेलते, मग घर स्वतःचं असो की शेजाऱ्याचं.

"पण मावशी, तुम्हाला तर येते ना हे गाणं. मग कार्डात कायले पाहिजे?"

मंदाबाईनं तिच्याकडे बघितलं. "आता मले एवढंच येते," ती म्हणाली.

म्हाताऱ्या माणसांची बोलायची तऱ्हा, असं रुचिला वाटलं. "पुढच्या बाजाराले या, तोवर शोधून ठेवते," ती म्हणाली आणि तिनं पिशवी उचलून मंदाबाईच्या डोक्यावर ठेवून दिली.

२

आठवडा सरत आला तरी गाणं सापडेना. अ‍ॅपसमोर रुचिनं स्वतः गुणगुणून पाहिलं, त्यानं ढिम्म उत्तर दिलं नाही. लग्नाच्या गाण्यांचे जेवढे व्हिडिओ होते तेवढे तिनं पाहिले. डोक्यात किडा शिरला की ती जेवणखाण विसरायची, तसं झालं. शेवटी तिनं ठरवलं की गाणं मुळात जिथं लागतं तिथंच गाठायचं.

जुना मोठा रेडिओ घरी होता, तिच्या आईच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारच्या फळीवर. गावाबाहेर, धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, लागून त्यांचं घर. धान निघून गेलेलं, बांध्यांत लाखोळीचं पीक हिरवंगार उभं. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून रुचि स्कुटीवर घरी आली तेव्हा चमेली, म्हणजे तिची आई, जमिनीवर बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती.

चमेलीची ओळख गोरेगावात निराळी करून द्यावी लागत नसे. पोवार समाजाच्या लग्नांत ती गाणी उचलणारी बाई. दोनशेच्या वर गाणी तोंडपाठ, एकही कागदावर नाही. मंडपापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, आणि शेवटी घरातल्या माणसांची नावं गुंफून म्हणायचं गाणं वेगळं. एरवी चमेली नवऱ्याचं नाव घेत नसे, पण त्या शेवटच्या गाण्यात 'लखनलाल' असं ठसक्यात म्हणायची आणि सगळ्या बाया हसायच्या.

रुचिनं काटा सरकवत नेला. शेतीच्या भावांचं स्टेशन गेलं, हिंदी बातम्या गेल्या आणि दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत, जिथं नुसती खरखर असते, तिथं पावणेएकला एक बाई गायला लागली. मंदाबाईनं म्हटलेलीच चाल. शब्द मात्र लागेनात. भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसे ते ऐकू येत आणि निसटत. रुचिनं मोबाईल रेडिओपुढे धरला, अ‍ॅप ऐकू लागलं आणि रेकॉर्डिंगही सुरू झालं.

ओळ संपली. शांतता.

"हो बाई," म्हणत चमेलीनं शेंगांवरची नजरही न काढता ती ओळ झेलली. दुसरी झेलली. पाच ओळी झाल्या, पाचही झेलल्या. मग पुन्हा खरखर.

"माय, कोणतं गाणं होतं?"

"नाई माहीत. पहिल्यांदाच ऐकलं."

"मग म्हटलं कायले?"

"ओळ पडू कशी देऊ?" चमेलीला प्रश्नच कळला नाही. "आन् पोवारीत तं होतं. कळत नाही का तुले?"

"मंदामावशींनी तर त्यांच्या बोलीत म्हणून दाखवलं. त्या काही पोवार नाहीत."

"तिले ऐकू कमी येत असन," चमेली म्हणाली आणि शेंगांची टरफलं सुपात घेऊन बाहेर गेली.

मोबाईलवर अ‍ॅपचं उत्तर आलेलं होतं. गाणं सापडलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.

३

दुकानात येऊन रुचिनं रेकॉर्डिंग ऐकलं. गाणाऱ्या बाईचा आवाज त्यात आलाच नव्हता. खरखर, मग चमेलीची ओळ, पुन्हा खरखर. मोबाईल आईच्या जवळ होता, रेडिओ लांब होता, असं तिनं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी चमेली शेतावर गेली होती. रुचिनं एकटीनं रेडिओ लावला आणि मोबाईल थेट जाळीला टेकवून धरला. पावणेएकला बाई गायली. आज ओळी वेगळ्या होत्या. पहिली संपली, मधली जागा आली. दोन श्वास जातील एवढा वेळ काहीच नाही. मग रेडिओतून ओळ झेलली गेली, आणि तो आवाज चमेलीचा होता.

सारखा वाटणारा नव्हे, चमेलीचाच. वरच्या सुराला जरा चिरणारा, शेवटचं अक्षर ओढणारा. रुचि उठली आणि मागच्या दारातून तिनं पाहिलं. दोन बांध्या पलीकडे चमेली पाठ करून लाखोळीची भाजी खुडत होती. तिचं तोंड दिसत नव्हतं, पण एवढ्या लांबून आवाज रेडिओत कसा येईल? कधीकाळी आकाशवाणीवाले गाणी रेकॉर्ड करायला आले असतील आणि माय सांगायची विसरली असेल. हे कारण रुचिला इतकं पटलं की तिनं केंद्राचा नंबर शोधून फोनच लावला. पलीकडचा माणूस भला होता. त्यानं दोनदा तपासलं आणि सांगितलं की त्या आकड्यावर आमचंच काय, कोणाचंच स्टेशन नाही.

संध्याकाळी तिनं आईला विचारलं, "माय, लग्नात तेल लावायच्या वेळचं ते गाणं म्हण ना, मोठ्या आंब्याचं."

चमेलीनं तोंड उघडलं. मग विचारात पडली. "कोणतं व?" ती म्हणाली.

४

पुढच्या आठवड्यात फुलचूरला चमेलीच्या भाचीची हळद होती. चमेलीला मानानं पाटावर बसवलं, बाया गोल करून बसल्या. पहिलं गाणं ती उचलणार म्हणून सगळ्या थांबल्या. चमेलीनं पदर सावरला, घसा खाकरला आणि गप्प बसली. बाया हसल्या, त्यांना वाटलं भाव खाते आहे. मग हसणं थांबलं. चमेलीच्या कपाळावर घाम आला होता आणि ती एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी सुशीलाबाई नावाच्या थोराड बाईनं दुसरंच गाणं उचललं आणि वेळ मारून नेली. रुचिला आईकडे बघवेना.

गोंदियाच्या डॉक्टरनं तपासलं. "उमर है, थोड़ा भूलना चलता है," तो म्हणाला. चमेली चौपन्न वर्षांची होती. तिला सगळ्या शेतांच्या सीमा आठवत होत्या, लेकरांचे जन्मवार आठवत होते, गेल्या वर्षीच्या लोणच्यात मीठ किती टाकलं ते आठवत होतं. जात होती ती फक्त गाणी. रुचि रोज रात्री विचारून मोजायला लागली. रोज पाच.

रुचिनं रेडिओतले सेल काढून टाकले. त्या दिवशीही पाच गेली.

५

मग तिनं तेच केलं जे ती नेहमी करायची. रेकॉर्डिंगचा तुकडा तिनं इंटरनेटवरच्या एका अड्ड्यावर टाकला, जिथं लोक एकमेकांची हरवलेली गाणी ओळखून देत. खाली लिहिलं, यह गाना किसका है, कोई पहचानता है?

सकाळी तीन उत्तरं होती. बालाघाटच्या एकानं लिहिलं होतं की हा तर माझ्या आत्याचा आवाज आहे, तुम्हाला कुठं मिळाला. धारच्या एका मुलीनं लिहिलं होतं, ही माझी नानी आहे, शंभर टक्के. रुचिनं तुकडा पुन्हा लावला. तिला चमेलीच ऐकू आली.

तिसरं उत्तर नाव नसलेल्या माणसाचं होतं, एकाच ओळीचं. आपने जवाब तो नहीं दिया न?

तिनं लगेच लिहिलं, दिलं तर काय होतं? दिवसभर उत्तर आलं नाही. संध्याकाळी तिनं तुकडा काढून टाकला. तोवर चाळीस जणांनी तो ऐकला होता.

६

मंदाबाई पुढच्या दोन्ही बाजारांना आली नव्हती. रुचि विचारत विचारत तिच्या गावी गेली. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, घर, अंगणात मंदाबाई खाटेवर बसलेली. तब्येत चांगली दिसत होती. तिनं रुचिकडे बघून तोंडभर हसून विचारलं, "कोणाची व तू, बाई?"

सून, ओमेश्वरी, पाणी घेऊन आली. "बस ताई. त्या सगळ्यांलेच बाई म्हणतात आता. मलेबी."

"कधीपासून?"

"आधी गाणे गेले. कितीक गाणे येत होते त्यांले. मंग एक दिवस त्या रेडिओवरच्या गाण्यात नावं आले. सासऱ्यांचं आलं, माह्या मालकाचं आलं, शेवटी माहं. यांच्याच आवाजात. मी चुलीपाशी बसून ऐकून राहिली होती, मले वाटलं किती गोड म्हणते बुढी." ओमेश्वरी थांबली. "तवापासून मी बाई झाली."

"आणि आता रेडिओ लावला तर?"

"काहीच नाही लागत. झालं न त्याचं."

खाटेवर मंदाबाई कवडूला, तिच्या नवऱ्याला, विचारत होती की तुमचं गाव कोणतं. कवडू तिला गाव सांगत होता. रोज सांगत असावा, कारण त्याच्या बोलण्यात कंटाळाही नव्हता आणि दुःखही.

परतीच्या वाटेवर रुचि रडली नाही. रडायची सवड कुणाला होती. माय मला बाई म्हणणार नाही, एवढं तिनं स्कुटीवर बसल्या बसल्या ठरवलं. कसं ते ठरलं नव्हतं.

७

वाट सापडली ती बापाच्या खोकल्यामुळे. लखनलालला जुना खोकला होता, वीस वर्षांचा. सेल काढूनही गाणी जातातच म्हणून रुचिनं ते रेडिओत परत घातले होते. त्या दिवशी रेडिओ चालू असताना तो जेवायला आला आणि नेमका दोन ओळींच्या मधल्या जागेत खोकला. रेडिओतून चमेलीचा आवाज उमटायच्या आधी. त्या जागेत मग चमेली आलीच नाही. बाई सरळ पुढच्या ओळीवर गेली.

त्या संध्याकाळी चमेलीची चारच गाणी गेली. आणि लखनलालचा खोकला गेला. त्यालाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मुद्दाम खोकून पाहिलं तर नुसती हवा आली.

दुसऱ्या दिवशी रुचिनं काशाचं ताट घेतलं आणि पहिल्या जागेत त्यावर पळी हाणली. पुन्हा चारच गेली. दुपारी चमेली भांडी घासायला बसली. ताट हौदावर आपटलं तसे शेजारचे कावळे उडाले, "किती वाजते हे ताट," असं म्हणून चमेली स्वतःच दचकली. रुचिला काहीच ऐकू आलं नाही. तिनं जाऊन ताटावर बोटं मारली. बोटांना थरथर लागली, आवाज नव्हता.

म्हणजे जागा भरावी लागते. कुणीही भरली तरी चालते. ज्यानं भरली त्याचं जाते. याच्यापुढे का आणि कोण हे विचारायचं तिनं सोडून दिलं. तिच्याकडे भरायला काय होतं? कॉम्प्युटरमध्ये चार वर्षांची गाणी होती, देशोदेशीची, एकेक शोधून आणलेलं.

त्या दिवसापासून पावणेएकला ती मोबाईल घेऊन फळीसमोर उभी राहायला लागली. ओळ संपली की एक गाणं लावायचं, पुढची ओळ आली की थांबवायचं. पाच जागा, पाच गाणी. चमेलीचं त्या दिवशी एकही गेलं नाही. दुकानात येऊन रुचि त्या पाचांपैकी एक लावून बघायची. पडद्यावर आकडे पुढे सरकत, स्पीकरचा पडदा थरथरे, समोरचं गिऱ्हाईक मान डोलवे. तिला फक्त पंख्याची घरघर ऐकू येई.

पहिले काही दिवस तिनं नावडती गाणी दिली. मग बरी दिली. बर्फाळ गावातल्या स्टेशनवर सापडलेलं एक सारंगीसारखं काहीतरी होतं, ते तिनं खूप दिवस राखून ठेवलं होतं. तेही एका मंगळवारी दिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगायचं, पण हात अडखळला नाही.

लोक गुणगुणत येत. ती म्हणे, "आता मी शोधत नाही." कारण कुणाला सांगितलं नाही. बावीस दिवस तिनं असे काढले. चमेलीपाशी साठेक गाणी उरली होती आणि रुचि रोज रात्री ती मोजून घेत असे. साठच्या साठ जागेवर असत.

एक मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. गाणी कुणाची होती याच्याशी त्या बाईला देणंघेणं नव्हतं. जागा भरत होत्या आणि गाणं पुढे सरकत होतं.

८

तेविसाव्या दिवशी चमेली चुलीपाशी तांदूळ निवडत होती. ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं. पावणेएकला बाई गायली आणि रुचिला पहिल्यांदाच तिचे शब्द लागले. स्वच्छ पोवारीत, शेजारच्या खोलीतून आल्यासारखे. मंडप कुणाचा, असं ती विचारत होती.

रुचिनं गाणं लावलं. मोबाईल पूर्ण आवाजात होता. तो सगळा आवाज खाली दाबून रेडिओतून चमेली ठसक्यात म्हणाली, "लखनलालचा."

खाली बसलेल्या चमेलीचे हात सुपात थांबले. मग पुन्हा तांदूळ निवडायला लागले.

बटणं दाबून रुचिनं दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. शेजारी पळी होती ती फळीवर आपटली. बाईनं विचारलं, नवरदेवाच्या मानाचा भाऊ कोण. आणि चमेलीचा आवाज या सगळ्या गोंगाटातून सुईसारखा वर आला. खुमेंद्र. रुचिचा भाऊ, नागपुरात नोकरीला असलेला. परवाच त्याचा फोन येऊन गेला होता.

गाण्याच्या जागेत गाणं चालत होतं. ही जागा नावाची होती.

तिसरी ओळ सुरू झाली. करवली कोण, असं बाई विचारणार हे रुचिला शब्द यायच्या आधीच कळलं. घरात नाव एकच उरलं होतं. तिला रेडिओच्या जाळीमागे काहीतरी हललेलं दिसलं. जाळीचं कापड आतून किंचित पुढे आलं होतं, एवढंच. पलीकडून कुणी तोंड लावून वाट पाहत असावं तेवढं. ती मागे सरली नाही. उलट पुढे झाली आणि जाळीला जवळजवळ ओठ लावून उभी राहिली. ज्यानं भरली त्याचं जाते. मग मायजवळचं मायजवळ राहील. यात चूक काय होती? तिनं सगळीकडून तपासून पाहिलं, दोन श्वासांत जेवढं तपासता येतं तेवढं, आणि तिला चूक सापडली नाही.

ओळ संपली.

"रुचि," ती म्हणाली. मोठ्यानं, स्पष्ट, चमेलीच्या आधी.

जाळीचं कापड सपाट झालं. खरखर आली. मग तीही गेली आणि रेडिओ नुसता लाकडाचा खोका होऊन फळीवर राहिला.

९

ती चुलीपाशी आईच्या समोर येऊन बसली. मनावरचा मोठा भार उतरला होता. काहीतरी करायचं होतं आणि ते आपण केलं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. सुपातले खडे वेचायला तिनंही हात लावला. दोघी मायलेकी तांदूळ निवडत बसल्या.

मागच्या दारात लखनलाल येऊन उभा राहिला, पायांना बांधीतला चिखल. चमेलीनं वर बघितलं, घाईघाईनं डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीकडे सरकून त्याला वाट करून दिली.

"रुचि," ती हळूच म्हणाली, "पाव्हणे आले पाह्य. पाणी आण."

तिच्या आवाजात ते नाव किती नीट होतं. जुनं, रोजच्या वापरातलं, मायेचं. समोर बसलेल्या मुलीला ते ऐकून बरं वाटलं. तिनं मधल्या दाराकडे बघितलं. कुणी येईना.

"रुचि," चमेलीनं पुन्हा हाक मारली.

घरात कुणाचीच चाहूल नव्हती. पाहुण्या माणसाला असं ताटकळत ठेवणं तिला बरं दिसेना. हात झटकून ती उठली.

"ती बाहेर गेली असेल, माय," ती म्हणाली. "ती येईपर्यंत मी आणते पाणी."